मधला स्पीकर

चपटा टीव्ही घेतला आणि बाबूजी घराबाहेर गेले, असं माझी बायको म्हणायची. थट्टेनं म्हणायची, पण खोटं नव्हतं. तिरोड्याच्या आमच्या घरात जुना डबा टीव्ही होता तोवर संध्याकाळ झाली की बाबूजी दिवाणावर ठाण मांडून बसत. त्यांचं सगळं आयुष्य राइस मिलमध्ये गेलेलं, मशीनच्या धडधडीनं कान अर्धे खाल्लेले. तरी त्या डब्याचा आवाज सरळ समोरून यायचा आणि त्यांना बातम्या कळायच्या, शेतीचा कार्यक्रम कळायचा, मालिकेतल्या सासू-सुनांची भांडणं तर फारच चांगली कळायची. आई गेल्यापासून त्यांच्याशी बोलणारं असं घरात तेवढंच होतं. मी एसटीत कंडक्टर, दिवसभर गाडीवर. पोरगा शिकायला बाहेर. बायकोला तिची कामं. टीव्ही बोलायचा आणि बाबूजी त्याला उत्तरं द्यायचे, कधी शिव्याही द्यायचे.

मग तो डबा एक दिवस बंद पडला आणि मी चपटा आणला. भिंतीला टांगला. चित्र काय सांगू, गज्जब! बातम्या देणाऱ्या बाईच्या डुलातले खडे मोजता यावेत असं. पण आवाज? स्पीकर सगळे मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. म्हणजे टीव्ही आमच्या भिंतीला बातम्या सांगायचा आणि उरलंसुरलं आमच्याकडे यायचं. मला आणि बायकोला भागत होतं. बाबूजींना काहीच कळेना. दोन-चार दिवस त्यांनी मान पुढे काढून पाहिली, मग उठून बाहेर सपरीत, म्हणजे ओसरीवर, खाट टाकून बसायला लागले.

"काऊन बाबूजी, बाहेर काऊन बसले?" मी विचारलं.

"मंग काय करू? तुया टीव्ही नुसते ओठ हालवते. मुका आणला तू."

तो माणूस सपरीत बसून रस्त्यावरच्या सायकली बघायचा आणि आत आम्ही दोघं टीव्ही बघायचो. जेवणाचं ताटही तिथंच मागायला लागले. मला ते सहन होईना. सांगतो ना, आई गेल्यावरही ते एवढे एकटे दिसले नव्हते. त्यांना परत आत, दिवाणावर आणून बसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी स्पीकर लागणार हे कळलं आणि मी त्या नादाला लागलो.

आमच्या धंद्यात एक फायदा असतो, सल्ला फुकट मिळतो. केशोरीच्या गाडीवर ड्यूटी असली की तास-तास माणसं बसलेली. मी एकाला विचारलं की दहा बोलायचे. कोणी म्हणे दोन स्पीकर आणि एक बफर घ्या, बास. वूफरला आमच्याकडे सगळे बफरच म्हणतात. कोणी म्हणे पाच स्पीकरवालाच घ्या, मागून आवाज आला की सिनेमातला साप अंगावरून जाते. मी म्हटलं, बाबा, म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर साप कायले सोडू? गाडी हसली, पण उत्तर काही मिळालं नाही.

गोंदियाला बाजारात दुकानांत गेलो. तिथं सगळा कारभार हिंदीत. दुकानदारानं एक काळी पेटी सुरू केली आणि शोकेसच्या काचा थरथरायला लागल्या.

"भाईसाब, पूरा मोहल्ला हिल जाएगा."

"मोहल्ला नहीं हिलाना है," मी म्हटलं, "बाप को सुनाना है."

त्यानं आणखी मोठी पेटी लावली. मी हात जोडून बाहेर आलो. सगळ्या दुकानांत तेच. धूम धूम धूम, आणि गाणं म्हणणारी बाई त्या धूमधूमीखाली कुठेतरी दबून गेलेली. आवाज भरपूर होता, पण त्यातलं बोलणं कोणी विकत नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही नागपूरला बहिणीकडे गेलो. धाकटी बहीण, एकुलती. तिचा नवरा, म्हणजे आमचे जवाई, नागपुरात एका ऑफिसात चांगल्या नोकरीवर. या जवायाबद्दल सांगायलाच पाहिजे. आई नागपूरच्या दवाखान्यात होती तेव्हा हा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायचा. मी ड्यूटीवर अडकलो की रात्री आईजवळ हाच बसायचा. शेवटच्या दिवसांत आई त्याच्याच हातून पाणी प्यायची. मला सख्खा भाऊ नाही. मी त्या माणसाला भावाच्या जागी बसवला होता. तो म्हणाला असता की दादा, तुमचं घर माझ्या नावानं करा, तर मी कुठं सही करू एवढंच विचारलं असतं.

त्यांच्या हॉलमध्ये चपटा टीव्ही होता आणि त्याखाली पाच स्पीकरचा होम थिएटर. बहीण दसऱ्याची पूजा करत होती. आमच्याकडे दसऱ्याला घरातली प्रत्येक कामाची वस्तू पुजतात, नांगरापासून शिलाई मशीनपर्यंत. नागपुरात नांगर कुठला, म्हणून तिनं स्कूटर पुजली, फ्रिज पुजला, मिक्सर पुजला. होम थिएटरच्या बफरला कुंकवाची बोटं लावायला वाकली तसे जवाई ओरडले, "समोर नको गा बाई, डाग पडते!" मग तिनं हसत हसत पेटी वळवली आणि पाठीमागे पाची बोटं टेकवली, वर हळद आणि अक्षता. आम्ही सगळेच हसलो.

मग टीव्ही लागला. बातम्या होत्या. बाबूजी सोफ्याच्या टोकाला बसले होते, नेहमीसारखे, मान खाली घालून. बातम्या देणारा म्हणाला की यंदा धानाच्या भावाचं काही खरं दिसत नाही, आणि बाबूजी एकदम ताठ झाले. "अबे, दरसाल हेच सांगता!" ते टीव्हीवर खेकसले.

मी बायकोकडे बघितलं. तिनं माझ्याकडे. बाबूजी भांडत होते! पुढची बातमी आली, त्यावरही बोलले. एका विनोदी कार्यक्रमात तर आमच्या आधी हसले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. जवाई उठून टीव्हीखालच्या आडव्या, लांबट स्पीकरवर हात ठेवून म्हणाले, "बाबूजी, सगळी करामत ह्याची. हा मधला. गाणंबजावणं बाकीच्याइचं, पन माणसाचं बोलणं येते ते ह्याच्यातून."

बाबूजी म्हणाले, "हा बोलते गा. हा खरंच बोलते."

माझा शोध तिथंच संपला. मी म्हटलं, हाच घ्यायचा. हाच म्हणजे अगदी हाच, ह्याच कंपनीचा, ह्याच नंबरचा. मी गोंदियाला मागवतो म्हणालो तर जवायानं मला गप्प केलं. "गोंदियाले कायले घेता? तिथं डबल लावतील. माया ओळखीचं दुकान आहे, दिवाळीले येतो तेव्हा घेऊनच येतो." मी पैसे तिथंच त्यांच्या हातात दिले. ते घेत नव्हते, मी खिशात कोंबले. बिल वगैरे काही बोललो नाही. जावयाला बिल मागायचं? आमच्याकडे असं कोणी केलं तर गावात वर्षभर पुरेल एवढी गोष्ट होते.

भाऊबीजेला ते दोघं आले. गाडीच्या मागच्या सीटवर मोठा खोका. आमच्या घरात त्या दिवशी जी धांदल होती ती वेगळीच. जावयाला पाय धुवायला गडवाभर पाणी, बसायला सतरंजी, चोरखमाऱ्याच्या तलावातली ताजी मासोळी मी सकाळीच जाऊन आणलेली, बायकोनं लाखोळीच्या डाळीचे वडे तळलेले. खोक्यावरची चिकटपट्टी मला जरा जुनी, दोनदा लावल्यासारखी वाटली. जवाई स्वतःच म्हणाले, "दुकानात उघडून, वाजवून, चेक करूनच आणला. आपल्या बाबूजीसाठी आहे, असाच कसा उचलू?" मी म्हटलं, बघा, किती काळजी.

जोडणीही त्यांनीच केली. मी वायर धरायला गेलो तर मला बाजूला बसवलं. सगळं जोडून झालं आणि त्यांनी गाण्याचा चॅनल लावला. बापरे! खिडकीची तावदानं वाजायला लागली. शेजारची दोन-चार घरं दारात गोळा झाली. पोरं नाचायला लागली. सगळे जावयाला वा वा करत होते आणि ते रिमोट हातात धरून दिवाणाशेजारी उभे. बाबूजींना मधोमध बसवलेलं.

"बाबूजी, ऐकू येते ना?" जवाई ओरडून म्हणाले.

बाबूजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या बहिणीकडे बघितलं. "येते, येते," ते म्हणाले. "मस्त आहे."

त्या घटकेला कोणीतरी बातम्या लावून बघायला हव्या होत्या. पण जावयानं आणलेली वस्तू जावयादेखत तपासायची? आमच्यात हे होत नाही. ताटात मीठ कमी असलं तरी पाहुणा गेल्यावरच बोलतात. आम्ही गाण्यावर टाळ्या वाजवल्या आणि जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी ते गेले. संध्याकाळी मी मोठ्या हौसेनं बातम्या लावल्या. धूम होती, बातम्यांच्या आधीचं संगीत घर हलवत होतं, आणि मग बातम्या देणारा बोलायला लागला आणि बोलणं गायब. म्हणजे अगदीच नाही असं नाही, दूर कुठे विहिरीत बसून बोलल्यासारखं. मी आवाज वाढवला, धूम वाढली. बाबूजी मान पुढे काढून बसले होते. थोड्या वेळानं म्हणाले, "राहू दे गा," आणि उठले.

मला वाटलं, आपल्याच घरात दोष. नागपूरचा हॉल छोटा, वर स्लॅब. आमचं घर कवेलूचं, उंच, आवाज वर जाऊन बसत असेल. मी रिमोटवरचं एकेक बटण दाबलं. स्पीकर इकडचे तिकडे केले. मग कोणीतरी गाडीत सांगितलं की भिंतींना जाड कापड लावा, आवाज घुमत नाही. मी घरातल्या सगळ्या गोधड्या आणि चादरी भिंतींवर टांगल्या.

"अजी," बायको म्हणाली, "आता थंडीत आपण भिंतीले टेकून झोपायचं का?"

"तू गप राहा."

"मी गपच आहे. बोलायचं काम तर त्याचं होतं." तिनं स्पीकरकडे बोट केलं.

शेवटी मी जवायांना फोन केला. ते म्हणाले, "दादा, मशीनमध्ये काईच प्रॉब्लेम नाई. माया समोर चेक झाली. बाबूजीचे कान दाखवा आधी. वय झालं आता." एवढ्या मायेनं म्हणाले की मला पटलं. सगळ्यांनाच पटलं. मी बाबूजींना गोंदियाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान जुनेच आहेत, मशीन लावून बघा. मशीन आणलं. ते कानात घातलं की शीऽऽ करून शिट्टी मारायचं आणि बाबूजी दचकायचे. चार दिवसांनी ते कपाटात गेलं. बाबूजी म्हणाले, "माये कान गेले गा. तू कायले एवढी धावपळ करून राहिला?" आणि खाट परत सपरीत लागली. मीच घरात आल्या-गेल्याला सांगायला लागलो, बाबूजींना आता ऐकू येत नाही. ते समोर बसलेले असायचे आणि मान हलवायचे.

धान कापून झालं होतं. एका रविवारी मला सुट्टी होती आणि बायकोनं हॉल झाडायला काढला. मी बफरची पेटी पुढे ओढली, मागची धूळ पुसायला वळवली. वायर खोचायच्या भोकांच्या बाजूला एक खाच होती. त्या खाचेत लाल काहीतरी. मी बोट फिरवलं. कुंकू. खाली स्क्रूच्या खड्ड्यात तांदळाचा एक दाणा अडकलेला, पिवळा. आणि उजेडात पेटी तिरपी धरली तर पुसलेली पाच बोटं दिसली. फिक्कट, पण पाच.

आमच्या घरी ही पेटी भाऊबीजेला आली. दसरा तिनं आमच्या घरी पाहिलाच नव्हता. लक्ष्मीपूजनही होऊन गेलं होतं. मग ही बोटं कोणाची? मी ती बोटं टेकताना बघितली होती! मी हसलो होतो!

उठून टीव्ही लावला, बातम्या लावल्या आणि मधल्या स्पीकरला कान चिकटवला. इतके दिवस ऐकायचं काम बाबूजींचं म्हणून मी तिथं कान लावलाच नव्हता. आतून नुसती खरखर. वाळक्या पाल्यावरून कोणी चाललंय तशी. माणसाचा एक शब्द नाही.

"काय झालं जी?" बायकोनं विचारलं. मी तिला बोट लावून खाच दाखवली. तिनं बघितलं आणि भिंतीवरच्या गोधड्या एकेक करून काढायला लागली.

पुढच्या सुट्टीला मी नागपूरला गेलो. न कळवता. जवाई ऑफिसात असतील अशी वेळ बघून. मला आधी बहिणीच्या तोंडून ऐकायचं होतं की दादा, मला काही माहीत नाही. तेवढं ऐकलं असतं तर मी जावयाची कॉलर धरायला मोकळा होतो. जिना चढत होतो तर वरून बातम्या ऐकू येत होत्या. स्पष्ट. एकेक शब्द. जिन्यात!

बहिणीनं दार उघडलं. "दादा? अचानक?" मी चपलाही काढल्या नाहीत. सरळ आत गेलो, बफरची पेटी धरली आणि फिरवली. पाठ कोरी. नवीकोरी, प्लास्टिकचा कागदही एका कोपऱ्याला अजून चिकटलेला.

ती पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. "पाणी घे."

"हा कोनाचा आहे?"

टीव्ही बोलत होता. तिनं तो बंद केला.

"आमचा बिघडला होता दादा," ती म्हणाली. "दसऱ्यानंतर लाइट वरखाली झाली अन् मधला जळला. रिपेरिंगवाला म्हणे पार्ट भेटत नाई. तुया नवा आणून ठेवला होता. तर हे म्हणाले..."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाबूजीले तसंही कुठं ऐकू येते. त्याइले धूमधडाका झाला की झालं."

माझी कानशिलं तापली. आईच्या उशाशी बसलेला माणूस! आणि मी त्याला फोन करून विचारत होतो, आणि तो मला म्हणत होता, कान दाखवा! एवढ्या मायेनं!

"अन् तू?" मी म्हटलं. "तुले कवा कळलं? नंतर कळलं ना?"

माझी शेवटची आशा होती ती. तिला नुसती मान हलवायची होती. खोटी हलवली असती तरी मी धरून बसलो असतो.

"कुंकू मीच पुसलं," ती म्हणाली. "ओल्या फडक्यानं. खाचेतलं राहून गेलं असंन."

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ग्लास टेबलावर ठेवला, पदरानं हात कोरडे केले आणि म्हणाली, "दादा, तू आज भांडशील अन् संध्याकाळच्या गाडीनं तिरोड्याले जाशील. मले इथंच राहायचं आहे. त्याइले काही बोलू नको. अन् बाबूजीले नको सांगू, तुया पाया पडतो मी." लहानपणापासून ती अशीच बोलायची, पोरासारखी, करतो, जातो. इतर वेळी मला हसू यायचं. त्या दिवशी मी तिचं पाणी न पिता खाली उतरलो. तिच्या घरचं पाणी मी नाकारलं असं आयुष्यात एकदाच झालं.

जावयाला मी काही बोललो नाही. तिच्यासाठी नाही बोललो. पण बाबूजींना सांगायचं मी ठरवलं. आम्ही त्यांना बहिरं ठरवलं होतं, डॉक्टर केला होता, शिट्टीचं मशीन कानात घातलं होतं. त्या माणसाचा दोष नव्हता हे त्याला कोणी सांगायला नको? आता गंमत बघा. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला गुपित सांगायचं कसं? घरात सांगितलं असतं तर अख्ख्या आळीनं ऐकलं असतं. म्हणून मी त्यांना सायकलवर डबलसीट बसवून गावाबाहेर आमच्या बांधीवर, धानाच्या शेतात नेलं. धान कापलेलं, नुसती खुंटं उभी, आसपास चिटपाखरू नाही. बांधावर बसवलं, त्यांच्या कानाशी गेलो आणि ओरडलो.

"बाबूजी! तुमचे कान चांगले आहेत! जवायानं आपल्याले फसवलं! त्याचा बिघडलेला सेट आपल्याले देल्ला, अन् आपला नवा घरी ठेवला!"

लांबवर एक बैल चरत होता, त्यानंही मान वर केली.

बाबूजी समोर खुंटांकडे बघतच म्हणाले, "हळू बोल. मालूम आहे मले."

"काय मालूम आहे?"

"दसऱ्याले ऐकू आलं अन् दिवाळीले कान गेले? असे जातात का गा कोनाचे कान?" ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं. गाणं लागलं होतं ना, तवाच. पोरीच्या तोंडाकडे पायलं मी. तिनं खाली पायलं."

"मंग बोलले काऊन नाई? डॉक्टरकडे काऊन आले? मी गोधड्या टांगून राहिलो होतो, तुमी पाहत होते!"

"पोरगी समोर उभी होती," बाबूजी म्हणाले. "जावयानं चोरी केली म्हणू? तिले घेऊन तो निघून गेला असता तर? माये कान गेले, एवढ्यात भागत होतं. भागू देल्लं."

खरं सांगू? जावयाचा राग आला होता, बहिणीचं तर काळजाला लागलं होतं, पण त्या बांधावर मला सगळ्यात जास्त राग आला तो बाबूजींचा. मी ज्यांच्यासाठी धावत होतो त्यांना सगळं माहीत होतं. लेकीनं त्यांच्याशी खोटेपणा केला, तो त्यांनी झाकला. आणि मला, रोज त्यांच्या कानाशी बसणाऱ्या पोराला, एका शब्दानं सांगितलं नाही. मी त्यांच्या बाजूचा होतो आणि त्यांनी मला बाहेर ठेवलं. मी हे सगळं ओरडून बोललो. त्यातलं किती ऐकू आलं देव जाणे.

"मी नवा मधला आणतो," शेवटी मी म्हटलं. "अख्खा नवा सेट आणतो. उद्याच."

"नाई आणायचा." त्यांनी माझं मनगट धरलं. "जवाई आले की इचारतील, हा कुठून आणला. मंग त्याइले कळंन का आपल्याले कळलं. अन् तो राग ते कोनावर काढतील? तो सेट तसाच राहू दे घरात. माये टीव्ही पाहाचे दिवस गेले आता." मग सायकलकडे बघून म्हणाले, "चाल, ऊन होऊन राहिलं."

सेट तसाच राहिला. आल्या-गेल्याला धूम ऐकवायच्या कामी आला. बाबूजी सपरीतच बसत. मी ड्यूटीवरून आलो की त्यांच्या खाटेवर टेकून दिवसभरातल्या प्रवाशांच्या गोष्टी ओरडून सांगायचो, ते हुं हुं करायचे. पण टीव्हीशी ते भांडायचे तसे माझ्याशी कधी भांडले नाहीत.

वर्षानं पुन्हा भाऊबीज आली. बहीण आणि जवाई आले. ह्या खेपेला जावयांचा थोरला भाऊही होता, पहिल्यांदाच आमच्या घरी. पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजी टाकली. जवाई दिवाणावर बसल्या बसल्या भावाला सांगायला लागले, "हा पाहा, सासऱ्यासाठी आणला आपण. एक नंबर माल." मग बाबूजींच्या कानाशी वाकून, "काय बाबूजी, येते ना ऐकू?"

"येते, येते," बाबूजी म्हणाले.

"कुठलं येते!" जवाई भावाला डोळा मारून म्हणाले. दोघं हसले. माझ्या बायकोच्या हातातला झारा कढईवर वाजला.

मी पाटावर बसलो होतो. बहीण ओवाळायला समोर उभी होती, ताटातला दिवा लागलेला. नागपूरच्या त्या दिवसानंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर आलो होतो. मला वाटलं, निदान माझ्याकडे बघणार नाही. तिनं बघितलं. सरळ डोळ्यांत बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दादा, तू बाबूजीकडे लक्षच देत नाई. किती दिवस झाले त्याइच्या कानाले. नागपूरले आन ना त्याइले, चांगल्या डॉक्टरले दाखवू."

जावयांचा भाऊ मान डोलवत होता. लेकीला बापाची किती काळजी, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. माझ्या जिभेवर सगळं आलं. मी बाबूजींकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि नुसती मान हलवत होते, हळूच, नाही म्हणून.

"आणतो," मी म्हटलं, आणि तिच्या ताटात ओवाळणी घातली.